तिबेटचं पठार इतकं उंच असूनही सपाट कसं राहिलं?

डोंगरवाट:

लडाखला जाऊन आलेले बरेच जण इथे आहेत, म्हणून हा विषय काढतोय. मनाली-लेह रस्त्यावर पांगच्या पुढचा घाट चढून वर आलं की मोरे मैदान लागतं. उंची साधारण ४,७०० मीटर आणि रस्ता मात्र नाकासमोर सरळ. दोन्ही बाजूंना बुटके, गोलसर डोंगर, मधे सपाट माती आणि तुरळक खुरटं गवत. हिमालय म्हटल्यावर डोळ्यांसमोर येणारे कडे, दऱ्या, फेसाळत्या नद्या यातलं इथे काहीच दिसत नाही. हे तिबेटच्या पठाराचं पश्चिमेकडचं टोक. इथून सुरू होणारी उंच जमीन पूर्वेला थेट सिचुआनच्या काठापर्यंत जाते.

पठाराचा विस्तार सुमारे २५ लाख चौरस किलोमीटर, म्हणजे भारताचा जवळपास तीन-चतुर्थांश. सरासरी उंची ४,५०० मीटरच्या वर. दक्षिणेला हिमालय, पश्चिमेला काराकोरम आणि पामीर, उत्तरेला कुनलुन आणि अल्तिन ताग, ईशान्येला चिलियान पर्वत. चहूबाजूंनी डोंगर आणि मधे ही उंचावलेली जमीन.

उंचीचं कारण शाळेत सगळ्यांनी वाचलेलं असतं. भारतीय भूखंड सुमारे पाच कोटी वर्षांपूर्वी आशियाला येऊन धडकला आणि अजूनही उत्तरेला रेटतोच आहे. या रेट्यात पृथ्वीचं कवच दबून जाड झालं. इतर भूखंडांवर कवचाची जाडी ३५-४० किलोमीटर असते, तिबेटखाली ती ७० किलोमीटरपर्यंत आहे. हलक्या खडकाचा इतका जाड थर खालच्या जड प्रावरणावर तरंगतो, तेव्हा त्याचा माथा उंच राहणारच.

पण मला खरा प्रश्न पुढचा वाटतो. इतकी उंच जमीन पाण्यानं कापून का निघाली नाही? उंचावरून वाहणाऱ्या पाण्यात प्रचंड जोर असतो. या हिशेबानं तिबेटात आज दऱ्याच दऱ्या असायला हव्या होत्या. त्या नाहीत, कारण कापायला पाणीच नाही. नैऋत्य मोसमी वारे हिमालयाच्या दक्षिण उतारावर आपलं बहुतेक ओझं टाकतात. घाटमाथा ओलांडला की देशावर पाऊस एकदम आटतो, तसंच हे, फक्त इथली भिंत सात-आठ हजार मीटरची. लेहला वर्षाला जेमतेम १०० मिलिमीटर पाऊस-बर्फ मिळून पडतं. पठाराच्या वायव्य भागात, चांगथांग या उंच, ओसाड प्रदेशाच्या आतल्या बाजूला, काही ठिकाणी त्याहूनही कमी.

एवढ्याशा पाण्याला समुद्र गाठता येत नाही. चांगथांगचे ओढे जवळच्या सखल भागात उतरतात, तिथे तळं होतं, आणि पाणी वाफ होऊन जातं. डोंगरातून आलेली माती-वाळू मात्र तिथेच साचते. म्हणजे डोंगर झिजून बुटके होतात, खोरी भरून वर येतात आणि सगळं हळूहळू एका पातळीला येत जातं. माती बाहेर वाहून नेणारी नदीच नसल्यामुळे मैदान होतं.

याचा पुरावा पूर्वेला दिसतो. तिथे डोंगररांगा उत्तर-दक्षिण आहेत, त्यामुळे मोसमी वाऱ्यांना आत शिरायला वाट मिळते आणि पाऊस भरपूर पडतो. तिथे पठार उरलेलंच नाही. साल्विन, मेकाँग आणि यांगत्से या तीन महानद्या शेजारीशेजारी खोल घळया कापत दक्षिणेला उतरतात. जमीन तीच आणि तिला उचलणारा धक्काही तोच, फरक फक्त पाण्याचा.

म्हणून तिबेटची ओळख करून देताना मी थंडीच्या आधी कोरडेपणा सांगतो. उंचीनं हे पठार घडवलं, पण टिकवलं ते कोरड्या हवेनं.


सह्यकडा:

फार छान मांडलंय. एक शंका. जुलैत तांगलांग ला पार केली होती. उंची ५,३०० मीटरच्या पुढे, तरी खिंडीत नुसता मुरूम आणि धूळ. त्याच प्रवासात रोहतांगला, म्हणजे बरंच खाली, रस्त्याकडेला बर्फाचे ढीग होते. उंच जागी जास्त बर्फ हवं ना?


डोंगरवाट:

सह्यकडा, बर्फ टिकायला थंडीबरोबर आधी बर्फ पडावंही लागतं. रोहतांगच्या बाजूला हिवाळ्यात पश्चिमी विक्षोभांमुळे, म्हणजे पश्चिमेकडून येणाऱ्या वादळांमुळे, मोठा हिमपात होतो, तो साठा उन्हाळ्यात वितळायला वेळ लागतो. तांगलांग लापर्यंत त्यातलं थोडंच पोचतं. वर ऊन इतकं प्रखर असतं की पातळ थर पाणी न होता थेट वाफ होऊनही उडून जातो. त्यामुळे हिमालयाच्या दक्षिण उतारावर कायमच्या बर्फाची रेषा ५,००० मीटरच्या आसपास किंवा खालीही येते, आणि पठाराच्या आतल्या भागात ती ६,००० मीटरपर्यंत वर सरकते.


तारांगण:

+१. रात्रीची बाजू मी सांगतो.

लडाखमधलं हानले वेधशाळेसाठी याच कोरडेपणामुळे निवडलं गेलं. ४,५०० मीटरवरच्या तिथल्या वेधशाळेत भारतीय खगोलभौतिकी संस्थेची दोन मीटर व्यासाची 'हिमालयन चंद्र' नावाची दुर्बीण आहे आणि ती उपग्रहामार्फत बंगळुरूजवळच्या होसकोटेहून चालवतात. अवरक्त प्रकाशात निरीक्षण करायचं तर हवेतली वाफ सगळ्यात मोठा अडथळा, कारण ती तो प्रकाश शोषून घेते. हानलेवर हवा मुळात विरळ, त्यात वाफ नगण्य. शिवाय आपल्याकडे पावसाळ्याचे चार महिने दुर्बिणी झाकून ठेवाव्या लागतात, तिथे त्याच काळातही बऱ्याच रात्री कामाच्या मिळतात. आता शेजारीच गॅमा किरणांसाठी मेस ही मोठी दुर्बीण उभी राहिली आहे, २०२४ मध्ये तिचं उद्घाटन झालं.

दिवस-रात्रीच्या तापमानातला फरकही त्यातूनच येतो. वाफ आणि ढग जमिनीची उष्णता रात्री परत खाली पाठवतात. ते पांघरूण नसलं की सूर्य मावळल्याबरोबर जमिनीची सगळी ऊब आकाशात निघून जाते. हानलेत दुपारी स्वेटर काढून ठेवावासा वाटतो आणि अंधार पडता पडता बाटलीतल्या पाण्यावर बर्फाची साय धरते. दुपारीसुद्धा उन्हातून भिंतीच्या सावलीत एक पाऊल टाकलं की अंगावर काटा येतो. हवा अशी तापलेलीच नसते, तापतं ते फक्त ऊन लागलेलं अंग.


रानपाखरू:

वाचतेय. फार माहितीपूर्ण धागा. पुढच्या प्रतिसादांची वाट पाहते.


मृगधारा:

डोंगरवाट, लेख आवडला, पण यातून वाचकाचा असा समज होईल की मोसमी पाऊस पठाराला टाळून जातो आणि संबंध तिथेच संपतो. पठाराचा आपल्या पावसाशी फार जुना आणि घट्ट संबंध आहे, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

१८८४ साली हेन्री ब्लॅनफर्ड यांनी हिमालयातला हिमपात आणि भारतातला दुष्काळ यांचा संबंध दाखवला. बर्फ जास्त पडलं तर पुढचा पाऊस कमी, असा त्यांचा अनुभव होता आणि त्यावर सुरुवातीचे मोसमी पावसाचे अंदाज उभे राहिले. पुढे १९५८ मध्ये पी. कोटेश्वरम यांनी उन्हाळ्यात भारताच्या डोक्यावरून पूर्वेकडून पश्चिमेकडे धावणाऱ्या उंचावरच्या जेट प्रवाहाचं, म्हणजे वेगवान वाऱ्याच्या पट्ट्याचं, वर्णन केलं आणि त्याचं मूळ तिबेटच्या तापण्यात शोधलं.

कल्पना साधी आहे. मोकळ्या हवेत उंची वाढली की तापमान दर किलोमीटरला साधारण साडेसहा अंशांनी उतरतं. समुद्रसपाटीला ३० अंश असेल तर साडेचार हजार मीटरवर शून्याच्या जवळपास. पण तिथे हवेऐवजी जमीन असेल, तर ती ऊन शोषून तापते आणि आपल्या आसपासची हवा तापवते. तिबेटातलं नागचू गाव याच उंचीवर आहे, तिथे जुलैत दुपारी पारा १५ अंशांच्या आसपास जातो. म्हणजे वातावरणाच्या मधल्या थरात तापलेली जमीन ठेवल्यासारखं होतं. तिच्यावर हवा वर उठते, उंचावर जास्त दाबाचं क्षेत्र तयार होतं आणि त्याच्या दक्षिण कडेनं तो पूर्वेचा जेट वाहतो. हिवाळ्यात हिमालयाच्या दक्षिणेला असलेला पश्चिमी जेट मे-जूनमध्ये पठाराच्या उत्तरेला सरकतो, आणि त्याच सुमारास मोसमी पाऊस आत येतो.

मात्र २०१० मध्ये बूस आणि क्वांग या संशोधकांनी 'नेचर'मध्ये वेगळा निष्कर्ष मांडला. त्यांनी संगणकीय प्रारूपातून पठार काढून टाकलं आणि हिमालयाची रांग तेवढी ठेवली, तरी दक्षिण आशियातलं मोसमी अभिसरण जवळजवळ तसंच राहिलं. त्यांच्या मते उत्तरेची थंड, कोरडी हवा आपल्या उष्ण, दमट हवेत मिसळू न देणं हे मुख्य काम, आणि त्याला रांग पुरते. यावर अजून वाद चालू आहेत. माझं मत असं की उत्तर भारतातल्या पावसाला रांगेची आडकाठी महत्त्वाची, पण पूर्व आशियातल्या पावसात पठाराचा वाटा नाकारता येणार नाही. पाठ्यपुस्तकात मात्र अजून फक्त 'तिबेट तापतं म्हणून पाऊस येतो' एवढंच शिकवलं जातं, ते बदलायला हवं.


डोंगरवाट:

मृगधारा, मनापासून आभार. २०१० च्या त्या लेखाबद्दल मराठीत इतकं स्पष्ट लिहिलेलं मी वाचलं नव्हतं.

पठारावर मोसमी पाऊस अजिबात पोचत नाही असं नाही, हे खरंच आहे. यारलुंग त्सांगपो, म्हणजे आपली ब्रह्मपुत्रा, नामचा बरवा शिखराला वळसा घालून अरुणाचलात उतरते. त्या घळीतून ओली हवा वर चढते, म्हणून आग्नेय तिबेटात दाट जंगल आहे. ल्हासाला वर्षाला ४०० मिलिमीटरच्या थोडा वर पाऊस होतो, बहुतेक जून ते सप्टेंबरमध्ये आणि तोही बराचसा रात्री. दिवसा उतार तापून हवा डोंगरांकडे वर सरकते, दरीच्या मधोमध आकाश मोकळं राहतं. रात्री थंड हवा उतारांवरून खाली येऊन दरीत एकत्र होते आणि तिथली हवा वर ढकलते, मग पाऊस. त्यामुळेच पावसाळा असूनही ल्हासाला वर्षाला ३,००० तासांच्या आसपास ऊन मिळतं.


कातळवेडा:

सपाटपणाचं सगळं श्रेय कोरडेपणाला देणं मला पटत नाही. कवच ७० किलोमीटर जाड झालं की त्याचा खालचा भाग तापून मऊ पडतो. मऊ खडक उंच डोंगराचं वजन फार काळ पेलत नाही, तो बाजूंना पसरतो. म्हणजे आतूनही उंचसखल भाग समतल होत असणार. शिवाय तिबेटात उत्तर-दक्षिण जाणाऱ्या खचदऱ्या आहेत, पठार पूर्व-पश्चिम ताणलं जात असल्याचा तो पुरावा. लडाखमधल्या पुगाचे गरम झरे आणि ल्हासाजवळच्या यांगबाजिंगचं भूऔष्णिक क्षेत्र पाहिलं की खाली किती उष्णता आहे ते कळतं.

पठार नक्की कधी उंचावलं यावरही एकमत नाही. दक्षिणेकडचा काही भाग टकरीच्या आधीच उंच होता असं मानणारे संशोधक आहेत.


डोंगरवाट:

कातळवेडा, खालून समतल होण्याचं तुमचं म्हणणं मान्य. पण त्यातून मिळते ती मोठ्या पट्ट्यातली सारखी उंची. मोरे मैदानासारखी जमीन, जिथे गाडी कुठूनही कुठे नेता येते, ती गाळ भरल्याशिवाय होत नाही. आणि पूर्वेकडेही कवच जाडच आहे, तरी तिथे नद्यांनी सगळं चिरून काढलंय. खालच्या खडकानं दिलेली सपाटी वर टिकवायला पाऊस कमी असावाच लागतो.


लोकरदोरा:

मी कापडाच्या व्यवसायात आहे, पश्मिन्याच्या निमित्तानं चांगथांगमध्ये जाणं होतं. तिथल्या चांगपा पशुपालकांशी बोलताना जे कळलं ते या चर्चेत बसतं.

त्यांना थंडीची भीती नाही. हिवाळ्यात पारा उणे तीसच्या खाली जातो, आणि त्याच थंडीमुळे शेळीच्या राठ केसांखाली तो तलम थर येतो. वसंतात तो थर सुटू लागला की लांब दातांच्या फणीनं विंचरून काढतात. शेळीचे पाय बांधून तिला कुशीवर आडवं करतात, फणी मानेपासून मागे ओढतात, आणि दातांत करड्या ढगासारखा पुंजका अडकून येतो. त्यात राठ केस, माती, काटक्या सगळं असतं, ते पुढे निवडावं लागतं.

भीती आहे ती बर्फाची. हिवाळ्यात चारा साठवून ठेवता येईल एवढं गवत तिथे उगवतच नाही. जनावरं बाराही महिने बाहेर चरतात, आणि हे शक्य होतं कारण हिवाळ्यात बर्फ थोडंच पडतं, वारा तेही उडवून नेतो आणि खालचं वाळलेलं गवत उघडं राहतं. एखाद्या वर्षी बर्फ जाड पडून गोठून बसलं की जनावर उपाशी मरतं. २०१२-१३ च्या हिवाळ्यात लडाखच्या चांगथांगमध्ये असंच झालं, हजारो शेळ्या आणि करडं गेली. तुम्ही म्हणता तो कोरडेपणा तिथल्या लोकांच्या पोटाशी बांधलेला आहे.

याक, कियांग (रानगाढव), चिरू (तिबेटी हरीण) हे सगळे प्राणीही याच हिशेबावर जगतात.


चूलबोळकं:

स्वयंपाकाचा मुद्दा राहिला! साडेचार हजार मीटरवर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या साधारण ५७ टक्के. पाणी ८५ अंशांना उकळतं. डाळ तासभर उकळली तरी बोटात दाण्यासारखी राहते, कारण त्या पाण्याला त्याहून वर तापताच येत नाही. कुकर नसेल तर चणे-राजमा विसरावे. भाजलेल्या सातूचं पीठ, त्साम्पा, तिथलं मुख्य अन्न आहे याला हेही एक कारण असणार. कोरडं भाजताना पाण्याच्या उत्कलनबिंदूची मर्यादा येत नाही, आणि एकदा दळून ठेवलं की नुसतं चहात कालवून खाता येतं.


जुनीपेठ:

चूलबोळकं, पाण्याच्या याच गुणधर्मावर ल्हासाची उंची पहिल्यांदा मोजली गेली. नैन सिंह रावत हे कुमाऊंतल्या मिलमचे. १८६५-६६ मध्ये ते ब्रिटिश सर्वेक्षण खात्यासाठी वेषांतर करून ल्हासाला गेले. जपमाळेत १०८ ऐवजी १०० मणी. ठराविक लांबीची पावलं टाकायची, दर शंभर पावलांना एक मणी ओढायचा, म्हणजे माळेचा एक फेरा झाला की दहा हजार पावलं. प्रार्थनाचक्राच्या आत मंत्राच्या कागदाऐवजी नोंदी. मुक्कामाला चहाचं पाणी ठेवायचं आणि त्यात गुपचूप तापमापी बुडवायची. पाणी कितीला उकळलं त्यावरून उंची निघते.

१८७४-७५ मध्ये ते लेहहून चांगथांग ओलांडून ल्हासाला गेले आणि वाटेतली सरोवरं नकाशावर आली. १८७७ मध्ये लंडनच्या रॉयल जिओग्राफिकल सोसायटीनं त्यांना सुवर्णपदक दिलं. आपल्या शाळांत भूगोल शिकवताना हे नाव घेतलं जात नाही याचं मला फार वाईट वाटतं.


पाणवठा:

सरोवरांवर थोडं. लडाखमधल्या त्सो कार सरोवराला गेलात तर पाण्यापेक्षा आजूबाजूचे डोंगर नीट बघा. उतारांवर एकावर एक आडव्या रेषा दिसतात, पाण्याच्या पातळीच्या बऱ्याच वर. ते सरोवराचे जुने काठ. हवामान आजच्याहून ओलं होतं तेव्हा पाणी तिथपर्यंत होतं. लाटांनी गोटे घासून गोल केलेत, हातात घेतले की नदीतल्या गोट्यांसारखे लागतात. खाली आजच्या काठाशी मिठाचा पांढरा पापुद्रा, त्यावर पाय ठेवला की कुरकुरतो. पँगाँगही एकेकाळी श्योक नदीला जाऊन मिळत होता. तो मार्ग बंद झाला आणि पाणी मचूळ होत गेलं. मानसरोवर गोडं आणि शेजारचं राक्षसताल खारट, यामागेही पाणी पुढे जातं की अडून राहतं हाच फरक मानतात.

आता उलटी गोष्ट चालू आहे. १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धापासून पठाराच्या आतल्या भागातली बरीच सरोवरं वाढत आहेत. सिलिंग त्सो हे सरोवर एवढं पसरलं की त्यानं नाम त्सो सरोवराला मागे टाकलं. पठार जगाच्या सरासरीच्या साधारण दुप्पट वेगानं तापतंय. हिमनद्या वितळतात, गोठलेली जमीन सुटते, पण आतल्या भागात पाऊसही वाढला आहे आणि सरोवरं वाढण्यात त्याचा वाटा मोठा मानला जातो.

पाणी वाढलं म्हणजे चांगलंच, असं वाटेल. २०११ मध्ये पठाराच्या उत्तरेकडच्या होह शील भागातल्या झोनाग सरोवराचा काठ फुटला. त्या काठावर चिरूच्या माद्या पिल्लं घालायला येतात. पाणी एका सरोवरातून दुसऱ्यात उतरत शेवटच्या खाऱ्या सरोवरापर्यंत गेलं आणि तेही चढू लागलं. जवळून ल्हासाची रेल्वे जाते, म्हणून शेवटी पाणी काढून द्यायला चर खणावा लागला. ज्या खोऱ्याला बाहेर जायची वाट नव्हती त्याला माणसानं वाट करून दिली.


कातळवेडा:

रेल्वेचा विषय निघालाच आहे तर: गोलमुड ते ल्हासा हा मार्ग २००६ मध्ये सुरू झाला, तांगुला खिंडीत तो ५,००० मीटरच्या वर जातो. त्यातला सुमारे ५५० किलोमीटर भाग कायम गोठलेल्या जमिनीवर आहे. ती जमीन वितळली तर रूळ खचतील, म्हणून भरावाच्या दोन्ही बाजूंना धातूच्या नळ्या रोवल्या आहेत. आतला द्रव जमिनीच्या उष्णतेनं वाफ होऊन वर चढतो, हिवाळ्याच्या थंड हवेत पुन्हा द्रव होऊन खाली येतो. या फेऱ्यात जमिनीतली उष्णता बाहेर पडत राहते, त्याला वीजही लागत नाही.

आणि २०१६ मध्ये पश्चिम तिबेटात अरू इथे जे झालं ते तर भूशास्त्राच्या लोकांनाही अनपेक्षित होतं. कमी उताराची अख्खी हिमनदी एका झटक्यात सुटून खाली आली, नऊ पशुपालक आणि शेकडो जनावरं गेली. दोन महिन्यांत शेजारची दुसरीही तशीच कोसळली. थंड आणि कोरड्या भागातल्या हिमनद्या स्थिर असतात असा समज होता. तळाशी पाणी पोचून खालचा मऊ थर सुटला, असं नंतरच्या अभ्यासांत पुढे आलं.


रानपाखरू:

पाणवठा, त्सो कारच्या त्या रेषा कुठून आणि कधी नीट दिसतील? पुढच्या वर्षी जायचं ठरतंय. तिथे काळ्या मानेचे क्रौंचही पाहायचे आहेत.


पाणवठा:

थुकजे गावाच्या बाजूनं बघा. सकाळी लवकर, ऊन तिरपं असताना, कारण तेव्हा प्रत्येक रेषेची सावली पडते. डोक्यावर ऊन आलं की सगळा उतार एकाच रंगाचा होतो. दुपारनंतर वारा सुटतो आणि काठावरची मिठाची धूळ उडते, डोळे चुरचुरतात, तेव्हा गॉगल आणि रुमाल जवळ हवाच. क्रौंच काठच्या दलदलीत घरटी करतात, त्यामुळे गाडी रस्त्यावरच ठेवा आणि दुर्बिणीतून बघा. लेहला निदान दोन रात्री अंग सरावल्याशिवाय वर जाऊ नका.